नवा माणूस घेताय? सरकार त्यातलं किती उचलतं: लहान कारखानदारांचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावातल्या लहान फाउंड्र्या आणि मशीनशॉप यांचं पीएफ, ईएसआय (म्हणजे कामगार राज्य विमा) आणि अप्रेंटिसचं कागदपत्र सांभाळणं हे माझं काम. महिन्याच्या १० तारखेपासून १५ तारखेपर्यंत फोन खाली ठेवायला सवड नसते. त्यातले निम्मे फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "साहेब, माणूस घेतला की सरकार पैसे देतंय म्हणे?" देतंय, खोटं नाही. पण कुठला माणूस घेतला, कुठल्या कागदावर घेतला आणि पैसे कुणाच्या खात्यात पडणार, या तीन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे. तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहून काढलं.

माझ्यासाठी नेमकी कोणती योजना?

योजनेचं नाव मागाहून विचारा. आधी हे ठरवा की दारातून आत येणारा माणूस तुमचा कोण लागतो.

तो शिकायला येतोय, करार करून, ठरावीक मुदतीसाठी, तर तो शिकाऊ उमेदवार, म्हणजे अप्रेंटिस. त्याला १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा लागू. तुम्ही त्याला पगार देत नाही, विद्यावेतन देता. तो राज्य सरकारच्या योजनेतून काही महिने कामाचा अनुभव घ्यायला आला असेल तर तो प्रशिक्षणार्थी, आणि त्याचं विद्यावेतन सरकारच देतं. आणि तो पगारावर, मस्टरवर, पीएफच्या चलनात, म्हणजे दरमहा पीएफ भरायच्या कागदात, नाव असलेला असेल तर तो कर्मचारी. त्याच्यासाठी प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना आहे आणि वर आयकरातली सवलत आहे.

एकच माणूस एकाच वेळी दोन खान्यांत बसत नाही. जितके दावे अडकलेले मी पाहिलेत, त्यातल्या बहुतेकांचं मूळ इथेच होतं: मुलगा सरकारी पोर्टलवर अप्रेंटिस, हजेरीपटावर हेल्पर, आणि बँकेच्या उताऱ्यावर त्याच्या नावापुढे 'सॅलरी'.

प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत मालकाला काय मिळतं?

केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ ला ही योजना मंजूर केली. तरतूद ९९,४४६ कोटी रुपयांची. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण झालेल्या नोकऱ्यांना ती लागू आहे. ईएलआय (रोजगाराशी जोडलेलं प्रोत्साहन) म्हणून जिची बातमी तुम्ही आधी वाचली होती तीच ही. नाव नंतर बदललं.

तिचे दोन भाग आहेत आणि ते कायम एकमेकांत मिसळले जातात. भाग 'अ' चे पैसे कामगाराचे. आयुष्यात पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेला, महिना १ लाखापर्यंत पगार असलेला माणूस असेल तर त्याला एका महिन्याच्या पीएफ वेतनाइतकी (ज्या वेतनावर पीएफ कापतात त्याइतकी), जास्तीत जास्त १५,००० रुपये रक्कम दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी आणि आर्थिक साक्षरतेचा छोटा अभ्यासक्रम केल्यावर. यात मालकाचा एक पैसाही नाही. "अर्धे आपल्याला दे" असं मुलाला म्हणालात तर तो सरळ गुन्हा आहे.

भाग 'ब' मालकाचा. प्रत्येक वाढीव कर्मचाऱ्यामागे दोन वर्षं दरमहा रक्कम मिळते, अट अशी की तो किमान सहा महिने टिकला पाहिजे. पीएफ वेतन १०,००० पर्यंत असेल तर १,००० पर्यंत, तेही वेतनाच्या प्रमाणात. १०,००१ ते २०,००० असेल तर २,०००. २०,००१ ते १ लाख असेल तर ३,०००. उत्पादन क्षेत्राला, म्हणजे आपल्या फाउंड्रीला, मशीनशॉपला, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षीही हे चालू राहतं. रक्कम आस्थापनेच्या पॅनशी जोडलेल्या खात्यात येते.

एक माणूस वाढवला तरी चालेल?

नाही. तुमच्याकडे ५० पेक्षा कमी कर्मचारी असतील तर किमान दोन वाढवायचे, ५० किंवा जास्त असतील तर किमान पाच.

दोन जुन्यांना काढून दोन नवे घेतले तर?

शून्य. वाढ मोजली जाते ती आधीच्या संख्येवर, आणि ती संख्या तुमच्याच पीएफ चलनांतून निघते. तुम्ही तोंडी काय सांगता याला तिथे किंमत नाही.

हिशोब करून सांगा. खरंच परवडतं का?

हा प्रश्न विचारणारा कारखानदार मला आवडतो, कारण फार थोडे विचारतात.

समजा तुमच्याकडे पीएफवर २४ माणसं आहेत आणि तुम्ही तीन वाढवली. प्रत्येकाचं पीएफ वेतन १४,००० आणि एकूण वेतनही तेवढंच. सरकार देणार दर माणशी २,०००, म्हणजे महिन्याला ६,०००. दोन वर्षांचे झाले १ लाख ४४ हजार, आणि उत्पादन क्षेत्र म्हणून चार वर्षं धरली तर २ लाख ८८ हजार. आकडा चांगला दिसतो.

आता दुसरी बाजू. त्याच १४,००० वर मालकाचा पीएफचा वाटा १२ टक्के, वर ईडीएलआयचा, म्हणजे पीएफशी जोडलेल्या विम्याचा, अर्धा टक्का आणि प्रशासकीय खर्चाचा अर्धा टक्का. मिळून १३ टक्के, म्हणजे १,८२० रुपये. ईएसआयचा मालकाचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे ४५५. बेरीज २,२७५. सरकारकडून येणार २,०००, कायद्याने भरायचे २,२७५.

म्हणजे या योजनेने माणूस फुकट पडत नाही. त्याला कायदेशीरपणे मस्टरवर घेण्याचा खर्च जवळजवळ भरून निघतो, एवढंच. माझ्या मते हे कमी नाही. वर्षानुवर्षं "पीएफ परवडत नाही" म्हणून रोखीने पगार देणाऱ्याला आता ते कारण उरत नाही. पण गरज नसताना केवळ योजनेसाठी माणूस घ्याल, तर १४,००० चा पगार तुमच्या खिशातून आणि २,००० सरकारचे, तेही सहा महिने थांबून. असा व्यवहार कुणी शहाणा करणार नाही.

माझ्याकडे १४ माणसं. पीएफ लागूच नाही. मग?

पीएफ सक्तीचा होतो २० माणसांपासून. त्याखाली स्वेच्छेने नोंदणी करता येते, आणि पीएफ कोडशिवाय ही योजना तुम्हाला नाही. पण एक लक्षात ठेवा: सक्तीने पीएफ लागू झाला की माणसं पुन्हा २० च्या खाली आली तरी तो सुटत नाही. हा दरवाजा एकाच बाजूने उघडतो. दोन वर्षांच्या पैशासाठी आत शिरण्याआधी पुढच्या दहा वर्षांचा विचार करा.

आधी दुसरीकडे पीएफ असलेला माणूस घेतला तर पैसे बुडाले का?

तुमचे नाही बुडत. त्याला भाग 'अ' मिळणार नाही, कारण तो पहिल्यांदा आलेला नाही. पण तो वाढीव कर्मचारी असेल तर भाग 'ब' साठी धरला जातो. फक्त त्याचा जुनाच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, वापरा. नवा काढायच्या भानगडीत पडलात की दोन यूएएनची गाठ सोडवता सोडवता वर्ष जातं.

यूएएन काढताना मुलाचा चेहरा जुळत नाही. काय करायचं?

१ ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन उमंग ॲपवर चेहरा दाखवूनच निघतो. ऑफिसात बसून दहा मुलांचे यूएएन काढायचे दिवस संपले.

एका फाउंड्रीत कोअर शॉपमधला मुलगा होता, एकोणीस वर्षांचा. सुपरवायझरने त्याला भट्टीजवळच उभं केलं आणि मोबाइल तोंडासमोर धरला. मागून लालभडक उजेड, चेहऱ्यावर काळ्या वाळूचा थर. ॲप नाही म्हणालं. परत धरला, परत नाही. मग मी आधार पाहिलं. त्यावरचा फोटो सातवीतला, गालावर एक केस नाही. समोरचा दाढी वाढवलेला. त्याला साबणाने तोंड धुवायला लावलं आणि कँटीनच्या खिडकीपाशी, उजेडाकडे तोंड करून उभं केलं. तिसऱ्या वेळी जुळला. ज्यांचा तरीही जुळत नाही, त्यांचा आधारवरचा फोटो आधार केंद्रात जाऊन नवा करून घ्यावा लागतो. ते काम माणूस रुजू व्हायच्या आधी करा, चलनाच्या आदल्या दिवशी नको.

त्याच मुलाचा पुढचा घोळ नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांच्या नावाच्या जागी नुसतं एक अक्षर. शाळेची पद्धतच तशी आहे, त्यात मुलाचा दोष नाही. पीएफमध्ये आधारवरचं नाव चालतं, म्हणून बाकी सगळं आधारला जुळवून घ्यायचं, उलट नाही.

कामगार म्हणतो त्याचे पैसे आलेच नाहीत. पोर्टल म्हणतं गेले.

बहुतेक वेळा दोघेही खरं बोलत असतात. भाग 'अ' चे पैसे आधारवरून जातात, खाते क्रमांकावरून नाही. ज्या बँकेत आधार शेवटचं जोडलं गेलं, त्या खात्यात पडतात. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी गावच्या बँकेत उघडलेलं खातं मुलं विसरून गेलेली असतात. पासबुक घेऊन तिकडे जायला सांगा. पैसे सापडतात.

अप्रेंटिस घेणं मला सक्तीचं आहे का?

३० किंवा जास्त माणसं असतील तर हो, आणि ही संख्या मोजताना कंत्राटी कामगारही धरायचे. इथेच पुष्कळ जण फसतात. मस्टरवर १८, ठेकेदाराचे १४, बेरीज ३२, मग सक्ती लागू. एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यायचे असतात. ३२ वर खालची मर्यादा ०.८ येते, म्हणजे एक तरी, आणि वरची ४.८, म्हणजे चार. ४ ते २९ माणसं असतील तर ते तुमच्या मर्जीवर आहे. २०१९ पूर्वी हा सक्तीचा आकडा ४० होता.

नाही घेतला तर दंड आहे. कमी पडलेल्या प्रत्येक अप्रेंटिसमागे पहिले तीन महिने दरमहा ५०० आणि पुढे दरमहा १,०००. एक अप्रेंटिस वर्षभर कमी पडला तर १०,५०० रुपये. तेवढ्यात दीड महिन्याचं विद्यावेतन निघालं असतं, आणि हाताखाली एक मुलगा तयार झाला असता.

विद्यावेतन किती, आणि सरकार त्यातलं किती देतं?

२०१९ च्या नियमांतले किमान दर असे: पाचवी ते नववी ५,०००, दहावी ६,०००, बारावी ७,०००, आयटीआय प्रमाणपत्रधारक ७,००० (एक वर्षाचा कोर्स झालेल्याला दुसऱ्या वर्षाचा दर, म्हणजे ७,७००), पदविकाधारक ८,०००, पदवीधर ९,०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे दर ३६ टक्के वाढवण्याची शिफारस केली. म्हणून करार करायच्या दिवशी पोर्टलवर जो दर दिसेल तोच धरा, माझ्या किंवा शेजारच्या कारखान्याच्या तोंडचा नको.

सरकारचा वाटा राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून येतो, तिला सगळे 'नॅप्स' म्हणतात. ती ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली. विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण महिन्याला १,५०० च्या वर नाही. ७,७०० वाल्या आयटीआयच्या मुलाचे २५ टक्के १,९२५ होतात, पण मिळणार १,५००, आणि ७,७०० पैकी उरलेले ६,२०० तुमचे.

आधी हा वाटा मालकाने भरायचा आणि मग सरकारकडून परत मागायचा. बिलं महिनोन्महिने पडून राहायची आणि कारखानदार कंटाळून अप्रेंटिसच घेणं सोडायचे. २०२३ पासून सरकारचा वाटा थेट मुलाच्या खात्यात जातो. हा बदल मला मनापासून पटला. फक्त मुलाला पहिल्याच दिवशी समजावून सांगा की त्याचं विद्यावेतन दोन ठिकाणांहून येणार. नाहीतर पहिल्या महिन्यात तो तुमचे ६,२०० बघतो आणि तुम्ही १,५०० खाल्ले असं गावभर सांगतो.

पदवीधर आणि पदविकावाल्यांसाठी वेगळं आहे ना?

हो, त्या योजनेला 'नॅट्स' (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना) म्हणतात आणि ती शिक्षण मंत्रालयाकडे आहे. त्यात सरकारचा वाटा किमान विद्यावेतनाच्या निम्मा. म्हणजे ९,००० वाल्या पदवीधरामागे ४,५०० आणि ८,००० वाल्या पदविकाधारकामागे ४,०००. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी हे काम मुंबईत शीवला असलेलं पश्चिम विभागाचं मंडळ बघतं. डिप्लोमा मेकॅनिकल झालेला मुलगा क्वालिटीला किंवा डिझाइनला हवा असेल तर आधी इकडे बघा, नॅप्सपेक्षा वाटा मोठा आहे. कोल्हापूर-सांगलीतल्या कारखानदारांना हे पटकन माहीत होत नाही. अप्रेंटिस म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर आयटीआयचा निळा शर्टच येतो.

प्रशिक्षणाचा खर्च वेगळा मिळतो का?

आधी हे बघा की मुलाला मूलभूत प्रशिक्षण लागतं की नाही. आयटीआय झालेला त्याच ट्रेडमध्ये आला असेल तर लागत नाही, तो थेट कामावर शिकायला उभा राहतो. दहावी होऊन सरळ आलेल्याला लागतं. नॅप्सच्या पहिल्या टप्प्यात त्यासाठी ५०० तासांना ७,५०० रुपयांपर्यंत मदत होती, आणि जुन्या माहितीपत्रकांत तोच आकडा अजून फिरतोय. त्यावर आज हिशोब मांडू नका.

खरी मदत पैशाची नाही, जागेची आहे. लहान कारखान्यात शिकवायला रिकामं मशीन कुठलं असणार? सीएनसीवर ऑर्डर चालू असताना मुलाच्या हातात ते कोण देईल? म्हणून आयटीआयच्या आवारातल्या बीटीआरआय केंद्रात, म्हणजे मूलभूत प्रशिक्षण आणि संबंधित शिकवणीच्या केंद्रात, जाऊन भेटा. अप्रेंटिसच्या कराराचं, परीक्षेचं आणि वर्गातल्या शिकवणीचं काम तिथूनच चालतं. पोर्टलवर तासन् तास घालवूनही जी चूक सापडत नाही, ती तिथला माणूस पाच मिनिटांत दाखवतो.

आणि शिकवणं हे शिकवणंच असू द्या. टर्नरच्या ट्रेडचा मुलगा सहा महिने नुसता धातूच्या कडा घासून बर काढायला आणि गाडी भरायला ठेवला तर परीक्षेत तो नापास होतो, आणि करार कागदावरच राहतो. माझ्या एका पक्षकाराने उलट केलं. दर शनिवारी शेवटचा एक तास त्याने म्हाताऱ्या टर्नरला दिला, मुलांना व्हर्नियर आणि मायक्रोमीटर धरायला शिकवण्यासाठी. रिजेक्शनवर ते मुलं स्वतः बोलायला लागली. त्या तासाला सरकार पैसे देत नाही.

अप्रेंटिसला पीएफ, ईएसआय भरायचं का? अपघात झाला तर?

कायद्याखाली नोंदलेला अप्रेंटिस कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे, म्हणून पीएफ आणि ईएसआय दोन्ही लागू नाहीत. मात्र सुरक्षेच्या तरतुदी कामगाराइतक्याच लागू, आणि अपघात झाला तर नुकसानभरपाई मालकाने द्यायची. ईएसआय नाही म्हणजे हा भार सरळ तुमच्यावर येतो. अप्रेंटिससाठी अपघात विमा उतरवा. वितळलेल्या लोखंडाजवळ काम असेल तर हे मी विनंती म्हणून सांगत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलाला धोक्याच्या उद्योगात घेऊ नका.

नोंदणी न करता नुसता 'ट्रेनी' म्हणून ठेवला तर?

मग तो कायद्याने तुमचा कामगार. किमान वेतन, पीएफ, ईएसआय, सगळं लागू. कराराला पोर्टलवर नंबर पडलेला नसेल तर 'अप्रेंटिस' या शब्दाला काही अर्थ नाही. तपासणीला अधिकारी आला की पहिला प्रश्न हाच असतो.

मुदत संपली की कायम करावंच लागतं?

करारात तसं लिहिलेलं नसेल तर नाही. घ्यायला हवंच असं मालकावर बंधन नाही, आणि मुलानेही तुमच्याकडेच राहावं असं नाही. पण दोन वर्षं शिकवलेला मुलगा चाकणला जाऊ द्यायचा आणि पुन्हा नवा शिकवायला घ्यायचा, यात तोटा कुणाचा, हे ज्याचं त्याने बघावं. मुदत संपल्यावर त्याला पगारावर घेतलात तर तो पहिल्यांदाच पीएफमध्ये येतोय, म्हणजे रोजगार योजनेचे दोन्ही भाग तिथून सुरू होऊ शकतात. एकाच मुलासाठी आधी विद्यावेतनात वाटा आणि मग पगारावर प्रोत्साहन. एकामागून एक चालतं, एकाच वेळी नाही.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना म्हणजे 'लाडका भाऊ'च ना?

लोक तसं म्हणतात. शासन निर्णय ९ जुलै २०२४ चा, कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभागाचा. १८ ते ३५ वयाचे उमेदवार. बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना. सगळे सरकारकडून, थेट त्याच्या खात्यात. मुदत आधी सहा महिने होती, २०२५ मध्ये ती अकरा महिने केली. तुम्हाला वर काही द्यायचं असेल तर मनाई नाही.

आस्थापना महाराष्ट्रात हवी, तीन वर्षं जुनी हवी, आणि पीएफ, ईएसआय, जीएसटी, उद्योग आधार अशा नोंदण्या हव्यात. उद्योगाने एकूण मनुष्यबळाच्या १० टक्के, सेवा क्षेत्राने २० टक्के उमेदवार घ्यायचे. सगळं काम महास्वयम पोर्टलवरून आणि जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातून होतं.

मालकाला काहीच द्यावं लागत नाही, म्हणून या योजनेत मालकाचं लक्षही सगळ्यात कमी असतं, असं मी पाहिलंय. मुलगा ऑफिसच्या कोपऱ्यात बसून हजेरी लावतो आणि मुदत संपल्यावर "आता कायम करा" म्हणतो. त्याची अपेक्षा चुकीची म्हणायला माझं मन धजत नाही. अकरा महिने रोज येणारा माणूस स्वतःला प्रशिक्षणार्थी कसा समजेल? रुजू होताना मुदत किती, पुढे काय होईल आणि काय होणार नाही, हे त्याला मराठीत लेखी द्या.

पंतप्रधान इंटर्नशिप योजना आमच्यासाठी आहे का?

नाही. ती देशातल्या मोठ्या ५०० कंपन्यांसाठी. तुमचा भाचा वयाच्या अटीत बसत असेल तर त्याला सांगा.

आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेत अजून नाव घालता येईल?

ती नोंदणी ३१ मार्च २०२२ लाच बंद झाली. अजून कुणी तिचा फॉर्म भरून देतो म्हणत असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

आयकरात काही सूट आहे का?

आहे, आणि जवळजवळ कुणी मागत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात ते कलम ८०जेजेएए होतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आल्याने क्रमांक बदलला. वाढीव कर्मचाऱ्यांवरच्या वेतनखर्चाच्या ३० टक्के रक्कम तीन वर्षं उत्पन्नातून वजा होते. अटी अशा: तुमचा धंदा टॅक्स ऑडिटमध्ये येत असला पाहिजे, कर्मचाऱ्याचं वेतन महिना २५,००० च्या आत हवं, पीएफ हवा, पगार बँकेतून हवा, आणि वर्षात किमान २४० दिवस तो कामावर हवा. कपडे, पादत्राणं आणि चामड्याच्या उद्योगांना १५० दिवस पुरतात, म्हणजे इचलकरंजीचा गारमेंटवाला आणि कोल्हापुरी चपलांचा कारखानदार यांना सोपं.

२०,००० पगाराचा एक माणूस, वर्षाचे २ लाख ४० हजार, त्याचे ३० टक्के ७२,०००. भागीदारी फर्म ३० टक्क्यांनी कर भरते, म्हणजे दरवर्षी सुमारे २१,६०० रुपये वाचले, तेही तीन वर्षं. तारीख मात्र सांभाळा. साधं वर्ष धरलं तर ४ ऑगस्टच्या आत घेतलेल्याचेच २४० दिवस ३१ मार्चपर्यंत भरतात. सप्टेंबरमध्ये घेतलेला बाद होत नाही. पुढच्या वर्षी २४० दिवस भरले तर तो पुढच्या वर्षी घेतल्यासारखा धरतात. सीएचा अहवाल लागतो, म्हणून मार्चअखेर आठवण करून देऊ नका, ऑगस्टमध्येच द्या.

सरकारकडून आलेल्या प्रोत्साहनावर कर लागतो?

लागतो. ते उत्पन्न आहे. पगारखर्चातून गुपचूप वजा करू नका, वेगळं दाखवा.

ठेकेदाराची माणसं मी वाढवली. प्रोत्साहन कुणाला?

ज्याच्या पीएफ कोडवर माणूस, त्याला. ठेकेदाराशी दर ठरवताना हे लक्षात असू द्या आणि बोलायचं ते आधीच बोला.

एक एजंट २० टक्क्यांवर सगळं करून देतो म्हणतो. द्यावं का काम?

कामाचे पैसे द्या, टक्के देऊ नका. टक्क्यावर काम करणाऱ्याला आकडा मोठा दिसायला हवा असतो, आणि माणसं कमी पडली की तो कागदावर वाढवतो. एका कारखान्याच्या चलनात मी अशी चार नावं पाहिली, जी गेटवर कुणीच ओळखत नव्हतं. एक त्या एजंटच्या मेहुण्याचं निघालं. सही मालकाची होती, नोटीस मालकाला आली, एजंटचा फोन बंद. डिजिटल सही आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा, माझ्याकडेही देऊ नका.

सगळं बरोबर केलं तरी पैसे अडकलेत. कुठून बघायला लागू?

आधी चलन बघा. दर महिन्याचं चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत गेलंय का? मग त्या सहा महिन्यांत त्या माणसाचं नाव एकाही महिन्यात गळलंय का ते बघा. लग्नासाठी गावी गेला, हजेरी शून्य, नाव गळलं, असं हमखास होतं. मग आस्थापनेचं खातं पॅनशी जोडलेलं आहे का ते बघा. प्रोप्रायटरच्या नावाचं बचत खातं आणि फर्मचं चालू खातं यात इथले निम्मे कारखाने गोंधळ करतात. एवढं बघून झालं आणि सगळं ठीक असेल, तर पोर्टलवर तक्रार नोंदवा, नंबर घ्या आणि मग मला फोन करा. १५ तारखेनंतर.